जुनी हेलिओस लेन्स घरी उघडावी का? घट्ट फोकस, तेलकट पाती आणि आतला धुरकटपणा

प्रश्न: तापीकाठ (चोपडा)

नमस्कार. आमचे नाना, म्हणजे माझे थोरले काका, दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या खोलीची आवराआवर करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत त्यांचा झेनिट-ई कॅमेरा आणि त्यावर बसवलेली हेलिओस ४४-२ ही ५८ मिमी, एफ/२ लेन्स सापडली. दोन्ही वस्तू चामडी केसमध्येच होत्या आणि त्या पेटीला निदान वीस वर्षे कोणी हात लावला नसावा. माळ्यावर पत्र्याचे छत आहे. मे महिन्यात तिथे पाच मिनिटे उभे राहवत नाही, आणि पावसाळ्यात त्याच भिंतीला ओल धरते.

लेन्सची अवस्था अशी आहे. फोकसची कडी इतकी घट्ट झाली आहे की ती फिरवायला गेलो की कडी जागच्या जागी राहते आणि संपूर्ण लेन्सच कॅमेऱ्याच्या आट्यांतून सुटू लागते. अ‍ॅपर्चरची उजेड कमी-जास्त करणारी आठही पाती उघडझाप करतात, परंतु त्यांच्यावर तेलाचा ओलसर थर स्पष्ट दिसतो. मागून मोबाइलचा टॉर्च धरला की आत पांढुरका धूर कोंडल्यासारखे दिसते, आणि पुढच्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे दोन-तीन धागे आहेत. याशिवाय एका काचेच्या आत टाचणीच्या टोकाएवढे दोन बुडबुडे आहेत. क्रमांकाचे पहिले दोन आकडे ८० आहेत.

मी ही लेन्स एका मोठ्या शहरातील दुकानात दुरुस्तीला दिली होती. तीन आठवडे ठेवून घेऊन ‘याचे पार्ट मिळत नाहीत’ या शेऱ्यासह ती परत मिळाली. घरी येऊन पाहतो तो फोकसच्या कडीवरील दोन बारीक स्क्रूंच्या खाचा चेपून गेलेल्या होत्या, ज्या देताना शाबूत होत्या. त्यामुळे आता दुसऱ्याच्या हाती देण्यापेक्षा स्वतःच शिकून उघडावी असे मनात आहे.

ही लेन्स मला शोभेसाठी नको आहे. लहानपणी नाना मला चाळीसगावला केकी मूस (१९१२-१९८९) यांच्या घरी घेऊन गेले होते. त्या घराचे आता संग्रहालय झाले आहे. टेबलावर मांडलेल्या साध्यासुध्या वस्तूंतून मूस यांनी उभी केलेली दृश्ये पाहून नाना बराच वेळ बोललेच नव्हते, एवढे मला आठवते. तशी टेबलटॉप छायाचित्रे अ‍ॅडॉप्टर लावून माझ्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या डिजिटल) कॅमेऱ्यावर काढून पाहण्याची इच्छा आहे. गच्चीवरून सातपुड्याची रांग दिसते, तिचीही. घरी हे काम जमण्यासारखे आहे का, आणि सुरुवात कुठून करावी?

उत्तर: जुनेयंत्र (भुसावळ)

मी तीस वर्षे मोजमापाची उपकरणे दुरुस्त केली आणि निवृत्तीनंतर जुन्या लेन्सचा नाद लागला. आपण तीन तक्रारी लिहिल्या आहेत, परंतु माझ्या मते त्या तिन्हींच्या मुळाशी मुख्यतः एकच कारण आहे आणि ते आपल्या पत्र्याच्या माळ्यावर आहे.

ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्ट पदार्थात धरून ठेवलेले तेल. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंशांच्या घरात तापमान जाते. पत्र्याखालच्या बंद पेटीत ते त्याहून वर जात असणार. असे वीस उन्हाळे गेले की ग्रीसमधले तेल सुटून धातूच्या अंगाने पसरत जाते आणि मागे उरतो तो कोरडा, मेणासारखा गाळ. तो गाळ आट्यांत बसला म्हणून आपली कडी घट्ट झाली. सुटलेले तेल पात्यांवर गेले म्हणून पाती ओली झाली. त्याच तेलाची वाफ पात्यांच्या दोन्ही बाजूंच्या काचांवर बसली आणि धूर दिसू लागला. म्हणून नुसती पाती पुसली आणि आट्यांतले जुने ग्रीस तसेच ठेवले, तर एक-दोन उन्हाळ्यांत आपण पुन्हा आज आहात तिथेच असाल. धागे मात्र बुरशीचे आहेत. ती पावसाळ्याची देणगी.

असे असले तरी पहिल्याच दिवशी सगळे सुटे करू नका. आधी काचा, मग आटे.

आपल्या लेन्सची रचना समजली की भीती निम्मी होते. हेलिओस ४४ ही कार्ल झाइसच्या बायोटार या लेन्सच्या रचनेवर आधारलेली आहे. बायोटार हे विली मेर्टे यांचे काम. आत सहा काचा चार गटांत बसवलेल्या आहेत: पुढे एक सुटी काच, तिच्यामागे दोन काचा चिकटवून केलेली जोडी, मग पाती, त्यामागे पुन्हा एक चिकटवलेली जोडी आणि शेवटी एक सुटी काच. पात्यांकडे तोंड करून असलेले दोन्ही पृष्ठभाग खोलगट आहेत, आणि आपला धूर बहुधा त्या दोनच पृष्ठभागांवर असेल. मागचा गट मागच्या बाजूने फिरवून एकत्रच बाहेर काढता येतो. पुढच्या बाजूला नाव लिहिलेली कडी रबराने दाबून फिरवली की सुटते. ती सुटल्यावर लेन्स उलटी करू नका, कारण पुढची काच सैल होऊन टेबलावर पडू शकते. प्रत्येक काच काढताना तिच्या कडेवर पुढच्या दिशेने पेन्सिलीने छोटा बाण काढा. काच उलटी बसली तरी कडी आवळली जाते. चूक कळते ती थेट छायाचित्रात.

टॉर्चचा उपयोग आणखी नीट करा. पाती पूर्ण उघडी ठेवून उजेड तिरका धरा. सगळीकडे सारखा पसरलेला धूर असेल तर तो तेलाचा. फांद्या फुटलेले धागे असतील तर बुरशी. कडेकडून आत सरकणारा इंद्रधनुषी किंवा चंदेरी डाग असेल, तर चिकटवलेल्या जोडीतला डिंक सुटू लागला आहे असे समजावे. जुन्या काळी हा डिंक कॅनडा बाल्सम असे, म्हणजे एका झाडाचा राळेसारखा चीक. तो दोष निघाला तर घरी हात घालू नका, लेन्स आहे तशी वापरा. बुडबुड्यांची तर चिंताच सोडा. ते कारखान्यातून निघतानाच काचेत होते, त्या काळी सोव्हिएत काचेत ते चालवून घेत असत, आणि त्यांनी चित्रात काहीही फरक पडत नाही. क्रमांक ८०ने सुरू होतो, म्हणजे लेन्स १९८० सालची दिसते.

पात्यांबद्दल एक गोष्ट ध्यानात घ्या. ४४-२ ही प्रीसेट पद्धतीची लेन्स आहे. पाती आपल्या हाताने मिटतात, स्प्रिंगने नव्हे. ज्या लेन्समध्ये बटण दाबताक्षणी स्प्रिंगने पाती मिटावी लागतात, तिथे तेलामुळे ती वेळेवर मिटत नाहीत आणि फोटो जास्त उजेडाचा येतो. आपल्याकडे तो धोका नाही. म्हणजे तेल काढायचे ते पात्यांच्या हालचालीसाठी कमी आणि काचांवर पुन्हा वाफ बसू नये म्हणून जास्त. त्यामुळे पाती सुटी करण्याच्या मोहात अजिबात पडू नका. आठ पाती पुन्हा एकावर एक रचताना सातवे बसवले की तिसरे उडते, आणि अशात माझी एक अख्खी रात्र गेलेली आहे. काचा काढलेला मधला भाग ग्रीस विरघळवणाऱ्या द्रावणात बुडवा, कडी पुढेमागे फिरवा, बाहेर काढून निथळू द्या, आणि द्रावण बदलून हेच तीन-चार वेळा करा. वाळल्यावर पात्यांना कोणतेही वंगण लावायचे नाही. ती कोरडीच चालतात.

काचेसाठी ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ते सहज मिळते. बुरशीसाठी औषधाच्या दुकानातले हायड्रोजन पेरॉक्साइड कापसाच्या बोळ्यावर घेऊन दोन-तीन मिनिटे नुसते टेकवून ठेवा, मग अल्कोहोलने पुसा. चिकटवलेली जोडी कशातही बुडवून ठेवायची नाही, कारण द्रावण कडेने डिंकापर्यंत पोचते. अ‍ॅसिटोन काचेच्या जवळपास नको. काचेच्या कडेला जो काळा रंग असतो तो त्याने विरघळतो आणि मग उजेडासमोर फोटोत पांढुरकी झाक येते. बुरशी निघाल्यावरही तिच्या धाग्यांचे ठसे राहिले तर समजावे की तिच्यातून निघालेल्या आम्लाने काचेवरचा लेप खाल्ला आहे. ते पुसून जाणार नाहीत, आणि घासूही नका.

उत्तर: पानखेडा (शिरपूर)

वरील माहितीत माझ्या चुकीची भर घालतो. आपण आटे उघडाल तेव्हा ती आपल्याला उपयोगी पडेल.

फोकसचे आटे बाटलीच्या झाकणासारखे एका जागेवरून सुरू होत नाहीत. ते एकात एक फिरणाऱ्या दोन नळ्यांवर असतात. त्यांना अनेक मुखे, म्हणजे आटे सुरू होण्याच्या जागा, असतात, आणि त्यातील कोणत्याही मुखात आतली नळी घातली तरी ती गुळगुळीत फिरत आत जाते. परंतु योग्य मुख एकच असते. मी एक ५० मिमीची पेंटाकॉन लेन्स उघडली तेव्हा दोन नळ्या जिथे एकमेकींपासून सुटल्या तिथे मार्करने ठळक काळी रेघ ओढली, आणि स्वतःच्या शहाणपणावर खूश होऊन दोन्ही नळ्या पेट्रोलमध्ये धुवायला टाकल्या. दहा मिनिटांनी बाहेर काढल्या तेव्हा ग्रीससोबत रेघही गेली होती. त्यानंतर दोन संध्याकाळी मी एकेक मुख घालून पाहत बसलो. दर वेळी लेन्स जोडायची, लांबच्या पाण्याच्या टाकीवर रोखायची, टाकी धूसर दिसली की पुन्हा उघडायची.

म्हणून खूण सुईने ओरखडा काढूनच करावी, आतल्या नळीवरही आणि बाहेरच्या नळीवरही, आणि नळ्या सुटण्याच्या क्षणी मोबाइलने फोटो घ्यावा. नळ्या वेगळ्या होताना हाताला एक बारीक ‘टक’ असा धक्का जाणवतो. त्याच्या जरा आधीपासूनच अगदी हळू फिरवावे, नाहीतर नळी हातात येते आणि ती कुठे सुटली हे कळत नाही.

उत्तर: चाळीसचावी (धुळे)

माझ्या वडिलांचे घड्याळ दुरुस्तीचे दुकान होते आणि मीही तेच काम करतो, त्यामुळे मी फक्त हत्यारांविषयी लिहितो.

भाऊ, आपले दोन स्क्रू चेपले ते बहुतेक चुकीच्या मापाच्या पेचकसाने. ग्रब स्क्रू, म्हणजे डोके नसलेला जो बारीक स्क्रू कडीत रुतलेला असतो, त्याच्या खाचेत पेचकसाचे पाते पूर्ण रुंदीने आणि पूर्ण जाडीने बसले पाहिजे. पाते बारीक असले की खाचेच्या दोन्ही कडा खातो. आम्ही दुकानात पेचकसाची टोके तेलदगडावर घासून प्रत्येक कामापुरती जाड-बारीक करून घेतो. तुम्हीही एक पेचकस या स्क्रूंसाठी घासून ठेवा. सोव्हिएत लेन्समध्ये बहुतेक एकेरी खाचेचे स्क्रू असतात, ही सोय आहे. पुढे कधी जपानी लेन्स हाती आली तर तिच्यातील अधिक चिन्हाच्या खाचेला बाजारातला नेहमीचा फिलिप्स पेचकस लावू नका; जपानी मापाची खाच वेगळी असते आणि फिलिप्सचे टोक त्यात पूर्ण न बसता वर उसळते.

स्क्रू हलत नसेल तर जोर लावण्याआधी विचार करा की त्यावर कारखान्यात लाख किंवा वार्निशचा थेंब टाकलेला असतो. सोल्डरिंग आयर्नचे गरम टोक स्क्रूच्या माथ्यावर दहा-पंधरा सेकंद टेकवा, वार्निश मऊ होते, आणि गरम असतानाच फिरवा. चेपलेल्या खाचांसाठीही आधी हेच करा. दोन्ही हातांनी जोर लावायची वेळ आली तर थांबा. घड्याळात आणि लेन्समध्ये काही मोडते ते त्याच क्षणी.

नाव लिहिलेली कडी फिरवायला बाजारात रबरी ठोकळे मिळतात, पण सायकलच्या ट्यूबचा तुकडा योग्य व्यासाच्या बाटलीच्या झाकणावर ताणून बसवला तरी काम होते. खाचा असलेल्या आतल्या कड्यांसाठी लेन्स स्पॅनर मात्र विकतच घ्या. व्हर्नियर कॅलिपरच्या टोकांनी ते काम करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि टोक घसरल्यावर काचेवर उमटलेला अर्धा चंद्रही पाहिला आहे.

धुण्यासाठी आम्ही घड्याळांना वापरतो ते व्हाइट पेट्रोल उत्तम. ते मागे डाग ठेवत नाही. थिनर नको, कारण कडीवरचे आकडे त्यात निघून जातात. व्हाइट पेट्रोल लगेच पेट घेते, तेव्हा गॅसच्या शेगडीपासून आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब, खिडकी उघडी ठेवून काम करा. आणि पंखा बंद. आमच्या घराजवळ जिनिंग आहे. दिवाळीनंतर हवेत कापसाचे तंतू इतके तरंगत असतात की पुसलेल्या काचेवर दोन मिनिटांत एक तरी येऊन बसतोच. म्हणून मी काचेचे काम फरशीवर पाणी शिंपडून पहाटे करतो. खाली परात ठेवून तिच्यात पांढरे सुती कापड अंथरा. स्क्रू उडाला तरी परातीबाहेर जात नाही.

उत्तर: केळीबाग (रावेर)

आमच्याकडे जुन्या लोकांचा उपाय म्हणजे लेन्स दोन दिवस उन्हात ठेवणे. ऊन लागले की बुरशी मरते. उघडण्याची एवढी खटपट करण्याआधी हा बिनखर्चाचा प्रयोग करून पाहायला काय हरकत आहे?

उत्तर: जुनेयंत्र (भुसावळ)

हरकत आहे, आणि ती वर लिहिलेल्या कारणामुळेच. कडक उन्हाने बुरशी मरू शकेल, परंतु मेलेली बुरशी काचेवर तशीच राहते, आणि त्या उन्हात उरलेले ग्रीस आणखी तेल सोडते. शिवाय सूर्याकडे तोंड करून ठेवलेली लेन्स हे एक चांगले आग पेटवण्याचे भिंगच असते. तिची पाती किंवा खालचे कापड, काय जळेल ते सांगता येत नाही. उन्हाचा उपयोग करायचाच असेल तर रिकाम्या चामडी केसला ऊन दाखवा. खरे तर त्या केसमध्ये लेन्स पुन्हा ठेवूच नका. चामडे ओल धरून ठेवते.

तापीकाठ (चोपडा)

आपणा सर्वांचे आभार. गेल्या दोन रविवारी मिळून काम केले, त्याचा वृत्तांत लिहितो.

नावाची कडी ट्यूबच्या तुकड्याने दुसऱ्या प्रयत्नात सुटली. मागचा गट हातानेच फिरला. पात्यांसमोरच्या दोन्ही खोलगट पृष्ठभागांवर, भुसावळच्या काकांनी लिहिल्याप्रमाणेच, धूर होता. अल्कोहोलचा बोळा एकदा फिरवला आणि तो फळ्यावरचा खडू पुसावा तसा निघाला. बुरशी फक्त पुढच्या सुट्या काचेच्या आतल्या बाजूला होती. धागे गेले, पण टॉर्च तिरका धरला तर एका धाग्याचा केसाएवढा ठसा अजून दिसतो. तो तसाच सोडला.

मधला भाग व्हाइट पेट्रोलमध्ये चार वेळा धुतला. पहिल्या वेळी पेट्रोल चहासारखे झाले, चौथ्या वेळी स्वच्छ राहिले. पाती आता कोरडी असून त्यांचा करडा रंग प्रथमच दिसला.

फोकसची कडी अजून तशीच घट्ट आहे. एका मित्राने सुचवले की आटे न उघडता फटीतून पेट्रोलचे चार थेंब सोडून फिरवत राहावे. तसे केले तर चालेल का? कारण खरे सांगायचे तर शिरपूरच्या दादांचा अनुभव वाचून आटे उघडायला हात धजत नाही. आणि अनंत अंतराचा, म्हणजे डोंगरासारख्या फार लांबच्या वस्तूंचा, फोकस चुकला, तर तो घरी पुन्हा जुळवता येतो का?

उत्तर: जुनेयंत्र (भुसावळ)

थेंब सोडू नका. कडी आठवडाभर मोकळी फिरेल आणि पातळ झालेला जुना गाळ आपण नुकत्याच धुतलेल्या पात्यांवर उतरेल. दोन रविवारांचे काम वाया जाईल.

आपल्याला फक्त टेबलटॉपच करायचे असते तर मी म्हटले असते की अनंताची चिंता न करता आटे उघडा. ही लेन्स अर्ध्या मीटरपर्यंत जवळ जाते, आणि एवढ्या जवळ येताना काचांचा गट सुमारे ९ मिमी पुढे सरकतो. त्यात थोडाफार फरक पडला तरी टेबलावरच्या पेल्याला काही कळत नाही. परंतु आपल्याला सातपुडा हवा आहे, आणि तिथे हिशेब वेगळा आहे. लांबच्या वस्तूंसाठी, ५८ मिमी लेन्सच्या बाबतीत, ३.३६ला मीटरमधल्या अंतराने भागले की अनंतापासून किती मिमी पुढे सरकायचे ते जवळपास अचूक मिळते. ६० मीटरवरच्या वस्तूसाठी हे उत्तर सुमारे ०.०५६ मिमी येते. म्हणजे जोडणीत केसाच्या जाडीएवढी चूक झाली तर आपली लेन्स ६० मीटरच्या पलीकडे काही स्पष्ट दाखवणार नाही. गल्लीच्या टोकाचा विजेचा खांब दिसेल, डोंगर नाही.

हे जुळवण्यासाठी आपला मिररलेस आणि अ‍ॅडॉप्टर वापरू नका. एम४२ (४२ मिमी व्यासाच्या) आट्यांच्या, म्हणजे आपल्या झेनिटसारख्या, कॅमेऱ्यात लेन्स टेकते त्या पृष्ठभागापासून फिल्मपर्यंतचे अंतर ४५.४६ मिमी असते. आपला कॅमेरा सोनी ई-माउंटचा असेल तर त्याचे अंतर १८ मिमी, म्हणजे अ‍ॅडॉप्टर नेमका २७.४६ मिमी जाड हवा. प्रत्यक्षात अनेक अ‍ॅडॉप्टर मुद्दाम जरा पातळ केलेले असतात, जेणेकरून कोणतीही लेन्स अनंतापर्यंत पोचावी. त्यावर जुळवलेली लेन्स नानांच्या झेनिटवर चुकेल. त्याऐवजी झेनिटचाच उपयोग करा. मागचे झाकण उघडा. सपाट काचेच्या छोट्या तुकड्यावर दुधी चिकटपट्टी लावा आणि तो तुकडा, पट्टीची बाजू लेन्सकडे करून, फिल्म ज्या आतल्या दोन पट्ट्यांवर टेकते तिथे ठेवा. शटर बी वर (बटण दाबलेले असेपर्यंत ते उघडे राहते त्या खुणेवर) ठेवून लॉक होणाऱ्या केबल रिलीजने उघडे धरा, एफ/२ वर, म्हणजे पाती पूर्ण उघडी करून, या आणि घड्याळजीच्या भिंगाने पट्टीवरचे चित्र पाहा. फोकसच्या कडीवरचे तीन ग्रब स्क्रू सैल करून, डोंगराची रेघ सर्वांत धारदार दिसेल तिथे आतला भाग धरून ठेवा, कडीवरचे अनंताचे चिन्ह खुणेसमोर आणा आणि स्क्रू थोडे थोडे करून आळीपाळीने आवळा. एकच स्क्रू पूर्ण आवळला तर कडी तिरकी बसते. उघडताना पितळेची एखादी पातळ चकती निघाली तर ती हरवू नका आणि जागा बदलू नका. ती अंतर जुळवण्यासाठीच घातलेली असते.

ग्रीसबद्दल शेवटचे. मोटारगाडीचे चेसिस ग्रीस, शिलाई मशीनचे तेल, खोबरेल तेल, यांपैकी काहीही नको. पहिले दोन आपल्या उन्हाळ्यात पुन्हा पात्यांवर येतील आणि तिसरे हिवाळ्यात गोठेल. लेन्सच्या आट्यांसाठीचे डॅम्पिंग ग्रीस मागवा. दहा ग्रॅमच्या डबीत अनेक लेन्स होतात. दात कोरायच्या काडीच्या टोकावर मावेल तेवढेच घ्या, आट्यांच्या चार ठिकाणी ठेवा, नळी पूर्ण आतबाहेर फिरवून पसरू द्या आणि जे कडेला बाहेर येईल ते पुसून टाका.

तापीकाठ (चोपडा)

डबी येईपर्यंत नऊ दिवस थांबलो आणि काल सकाळी आटे उघडले. सोल्डरिंग आयर्नने दोन चेपलेल्या स्क्रूंपैकी एक निघाला. दुसऱ्याची खाच उरलीच नव्हती, म्हणून त्यात घासलेल्या पेचकसाने नवी खाच पाडावी लागली आणि त्यात दीड तास गेला. ‘टक’ असा धक्का खरोखरच जाणवला. सुईने दोन्हीकडे ओरखडे काढले आणि फोटो घेतला. जुने ग्रीस पिवळट तपकिरी, नखाने खरवडल्यावर मेणबत्तीच्या गाळासारखे निघत होते. आट्यांच्या खोबणीतून ते काढायला बांबूच्या काड्या आणि जुना दात घासायचा ब्रश लागला.

जोडताना पहिल्याच वेळी ओरखडे जुळले. नंतर चिकटपट्टीची काच लावून झेनिट गच्चीच्या कठड्यावर ठेवला, डोक्यावरून नानांचे उपरणे घेतले आणि भिंग लावले. सातपुडा खाली डोके वर पाय असा पट्टीवर उतरला होता, डावीकडची खिंड उजवीकडे. कडी जरा फिरवली की डोंगराची कड विरघळे, परत आणली की ती इतकी बारीक होई की मधे दिसणारा मोबाइलचा टॉवरही मोजता येई. अनंताची खूण पूर्वीच्या जागेपासून साधारण दोन मिमी सरकवावी लागली. स्क्रू आवळल्यावर पुन्हा तपासले, तिथेच आहे.

कडी आता एका बोटाने फिरते, आणि लेन्स कॅमेऱ्यातून सुटत नाही. खाच नव्याने पाडलेला स्क्रू मात्र शेवटपर्यंत आवळायची भीती वाटते. तो सैल होऊ नये म्हणून काय करावे?

उत्तर: चाळीसचावी (धुळे)

त्या स्क्रूला जोर देऊ नका. बाकीचे दोन व्यवस्थित असतील तर तो नुसता टेकला तरी पुरे. घरातली नेलपॉलिश घ्या आणि काडीच्या टोकाने एकच थेंब स्क्रूच्या माथ्यावर आणि कडीवर मिळून पडेल असा ठेवा. पुढे कधी उघडायचे झाले तर अ‍ॅसिटोन लावलेल्या काडीने तो मऊ होतो. पण हे आजच करू नका. आठ-दहा दिवस लेन्स वापरा, सकाळच्या थंडीत आणि दुपारच्या उन्हात अनंत एकाच जागी राहतो का ते दोन-तीनदा पाहा, आणि मगच थेंब टाका. तोवर लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आणि तो डबा माळ्यावर नव्हे, खालच्या खोलीतल्या कपाटात.